कात्रज-कोंढवा रस्ता : ‘आपला एरिया’ हे कारण आता पुरे

कोंढव्यातल्या कुठल्याही तरुणाला विचारा, कात्रज-कोंढवा रस्ता एवढी वर्षे का रखडला? उत्तर तयार असते. ‘‘अरे, आपला एरिया आहे ना! आपल्याकडे कोण लक्ष देणार?’’ चहाच्या टपरीवर हेच ऐकू येते, जुम्म्यानंतर मशिदीबाहेर चपला शोधताना हेच, आणि सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर तर दिवसाआड. मला या उत्तराशी भांडायचे आहे. या रस्त्याच्या बाबतीत ते चूक आहे, आणि चूक असूनही ते आपल्याला सोयीचे वाटते, हे त्याहून वाईट.

ही भावना हवेतून आलेली नाही, हे आधीच मान्य करतो. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात आणि पुढे महाराष्ट्रात मेहमूदुर रहमान समितीच्या अहवालात मुस्लिम वस्त्यांतल्या नागरी सोयींच्या दुरवस्थेबद्दल जे लिहिले आहे ते आपण सगळे जगलो आहोत. आपली माणसे कोंढव्यात का आली, हेही घराघरांत ठाऊक आहे. मोमीनपुऱ्यात, कॅम्पात, पेठांत जागा पुरेना आणि इतर ठिकाणी फ्लॅट बघायला गेले की नाव ऐकून ‘मालकाशी बोलून सांगतो’ असे उत्तर मिळे. भेदभाव खरा आहे. म्हणूनच तो जिथे आहे तिथे नेमका दाखवता आला पाहिजे. जिथे नाही तिथेही त्याचेच नाव घेत राहिलो, तर जिथे आहे तिथेही आपले कुणी ऐकणार नाही.

आता रस्ता बघू. गाडीवरून नको, एकदा चालत बघा, म्हणजे चालता आले तर. खडी मशीन चौकातून कात्रजकडे निघा. वाटेत शत्रुंजय मंदिर लागते, जैनांचे. पुढे इस्कॉनचे मोठे मंदिर. टिळेकरनगर, गोकुळनगर, मग राजस सोसायटी आणि कात्रज चौक. या पट्ट्यात आपली घरे मोजकीच. धूळ खाणारा, ट्रेलरखाली येता येता वाचणारा, साडेतीन किलोमीटरला पाऊण तास घालवणारा माणूस इथे बहुतेक वेळा जोशी, जाधव, ओसवाल किंवा पवार असतो. तिथले रहिवासी रस्त्यावर उतरले, निवेदने दिली, अधिकाऱ्यांना पाहणीला आणले. त्यांच्याकडे कुणी ‘आपला एरिया’ म्हणून दुर्लक्ष केले? रस्ता तर त्यांचाही तसाच पडलाय. मंदिरासमोर खड्डा आहे आणि मशिदीकडे जाणाऱ्या वळणावरही आहे. कमालीचा निधर्मी रस्ता आहे हा.

मग कारण काय? कारण कंटाळवाणे आहे. कदाचित म्हणूनच ते कुणी सांगत नाही. कारण जमीन.

२०१८ साली या रस्त्याच्या रुंदीकरणाचे थाटात भूमिपूजन झाले. राजस सोसायटी ते खडी मशीन चौक, सुमारे साडेतीन किलोमीटर, आणि रुंदी ८४ मीटर. जरा गुणाकार करा. साडेतीन हजार मीटर गुणिले ८४, म्हणजे २ लाख ९४ हजार चौरस मीटर. त्यातली जुन्या रस्त्याची जागा वजा करा. उरलेली सगळी खासगी मालकीची, तुकड्यातुकड्यांत विभागलेली, शहराच्या कडेची आणि दर वर्षी महाग होत जाणारी. ही जागा हातात नसताना भूमिपूजन झाले. भूमी नव्हतीच, पूजन तेवढे झाले.

मी सॉफ्टवेअरवाला आहे. सर्व्हर विकत घेतलेला नसताना आमच्याकडे कुणी ‘लाँच’ची तारीख जाहीर केली तर दुसऱ्या दिवशी त्याची खुर्ची रिकामी असते. इथे उलट आहे. नारळ फुटला की काम झाले असे धरतात, आणि पुढच्या अडचणी पुढच्या आयुक्तांच्या.

विकास आराखड्यातल्या रस्त्यासाठी खासगी जमीन घ्यायचे मार्ग प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या, म्हणजे १९६६ च्या एमआरटीपी कायद्याच्या, कलम १२६ मध्ये आहेत. एक, वाटाघाटीने रोख पैसे देऊन. दोन, रोख रकमेऐवजी एफएसआय किंवा टीडीआर देऊन, म्हणजे ‘तुझी जागा आम्हाला दे, तेवढे बांधकाम तू दुसरीकडे कर किंवा तो हक्क वीक.’ तीन, सक्तीचे भूसंपादन, ज्याचा मोबदला २०१३ च्या कायद्याप्रमाणे शहरी भागात बाजारभावाच्या साधारण दुप्पट पडतो. महापालिकेला अर्थातच दुसरा मार्ग आवडतो, कारण त्यात तिजोरीतून काही जात नाही. मालकाला तो आवडेलच असे नाही. टीडीआरचा भाव बाजारात वरखाली होतो. ज्याची एकच अर्धा एकर आहे आणि ज्याला पोरीचे लग्न किंवा कर्ज समोर दिसते आहे त्याला कागद नको, रोख हवी. मी त्याला दोष देणार नाही. आपली जमीन असती तर आपणही हेच म्हटले असते.

रोख द्यायला पैसे नव्हते. मग ८४ मीटरचे ५० मीटर झाले. राज्य सरकारकडे २०० कोटी मागितले, १४० कोटी मंजूर झाले. त्यातही कुणाची जागा आधी घ्यायची, कुणाची वाटाघाट कुठे अडली, कुणाचा दावा कोर्टात आहे, याचा हिशोब सामान्य माणसाला सहज वाचता येईल असा कुठेही लावलेला नाही. परिणामी रस्ता तुकड्यांत झाला. इथे मोकळा, तिथे चिंचोळा, पुन्हा मोकळा.

आमच्या विषयात फोर्ड आणि फुल्कर्सन यांचा एक सिद्धान्त आहे, १९५६ चा. जाळ्यातून जास्तीत जास्त किती प्रवाह जाईल हे त्यातला सर्वांत अरुंद छेद ठरवतो. दुसऱ्या वर्षाला शिकवतात, परीक्षेला दहा मार्कांना येतो. बाकीचा रस्ता ५० मीटर करा की १०० करा, गोकुळनगरजवळची एक मान बारा मीटरची राहिली तर पूर्ण रस्त्याची क्षमता त्या बारा मीटरची. नव्वद टक्के काम झाले म्हणजे नव्वद टक्के फायदा झाला असे रस्त्याच्या बाबतीत होत नाही. उलट धोका वाढतो, कारण मोकळ्या तुकड्यावर गाडी वेग घेते आणि उताराला त्याच वेगात अरुंद तोंडावर येते. तिथे पुढे दुचाकी असते.

अवजड गाड्या इथे इतक्या का? कात्रजला मुंबई-बंगळुरू महामार्ग आणि सातारा रस्ता. खडी मशीन, उंड्री, मंतरवाडीवरून पुढे गेले की सासवड रस्ता आणि सोलापूर महामार्ग. शहरात न शिरता एका महामार्गावरून दुसऱ्यावर जायचे तर ट्रकवाल्याकडे हाच जवळचा दुवा. बाह्य वळणरस्ता कित्येक वर्षे नकाशावर होता. तो नकाशावर असेतोवर त्याचे काम कोंढव्याच्या गल्लीने केले. ज्या रस्त्यावर शाळेची रिक्षा जाते, भाजीची हातगाडी उभी राहते, त्याच रस्त्यावरून चाळीस टनांचा कंटेनर जातो, आणि दोघांसाठी दुभाजकाच्या बाजूला तेवढीच पट्टी. आता कात्रज चौकात उड्डाणपुलाचे काम चालले आहे, २०२१ मध्ये त्याचे भूमिपूजन झाले. पूल होऊ दे, हवाच आहे. पण पुलावरून सुटलेली गाडी शेवटी त्याच बाटलीच्या तोंडाशी येऊन थांबणार.

आणि बाजूला इमारती. १९९७ मध्ये महापालिकेत जी २३ गावे आली त्यांत कात्रज आणि कोंढवा होते. २०१७ मध्ये उंड्री आली. गाव शहरात आले की पहिल्यांदा काय येते? पाण्याची लाइन नाही, ड्रेनेज नाही. पहिल्यांदा येते बांधकाम परवानगीची खिडकी. विकास शुल्क, प्रीमियम, जादा एफएसआयचे पैसे ही महापालिकेच्या उत्पन्नाची मोठी बाजू आहे. तीनशे फ्लॅटच्या संकुलाला परवानगी देताना ते पैसे आधी जमा होतात. त्या तीनशे फ्लॅटच्या चारशे दुचाकी आणि दोनशे मोटारी ज्या रस्त्यावर उतरणार, तो मात्र ‘प्रस्तावित’. ब्रोशरमध्ये तो रुंद, हिरवा, झाडांचा असतो. आपल्यातल्या अनेकांनी ते ब्रोशर बघून वीस वर्षांचे कर्ज घेतले आहे. हप्ता प्रस्तावित नसतो, तो पाच तारखेला कापला जातो.

देशाचे आकडे एकदा वाचून ठेवा. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतले ४४.५ टक्के दुचाकीवरचे आणि १९.५ टक्के पायी चालणारे. म्हणजे दर तीनांतले जवळजवळ दोघे असे, ज्यांच्याभोवती पत्रा नव्हता. कोंढव्यात कोण दुचाकीवर आहे, कोण पायी आहे? डिलिव्हरी करणारा, गॅरेजवाला, कॉलेजची पोरे, धुण्याभांड्याला जाणाऱ्या बाया. आणि रस्त्याची चर्चा होते तेव्हा विषय एकच, लेन किती. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषानुसार पदपथावर चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी. पुणे महापालिकेकडे २०१६ पासून पादचारी धोरणही आहे, आणि चांगले आहे. ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता गाड्यांना बंद ठेवून पादचारी दिन साजरा होतो, फुगे असतात, रांगोळ्या असतात. माझा त्याला विरोध नाही. पादचारी दिन खडी मशीन चौकात कधी करता, एवढेच विचारायचे आहे. तिथे रस्ता ओलांडून दाखवा, मीच टाळ्या वाजवीन.

इथे जरा थांबतो, कारण पुढची गोष्ट आकड्यांत येत नाही.

माझ्या खालाच्या मुलीला बारावीला चांगले मार्क होते. कात्रजच्या पलीकडच्या एका कॉलेजात हव्या त्या शाखेत प्रवेश मिळत होता. घरात विरोध नव्हता, खालूजान तर मिठाई घेऊन आले होते. दोन दिवसांनी सूर बदलला. ‘‘रोज त्या रस्त्याने? ट्रकांच्या मधून? स्कूटीवर?’’ बस कधी येईल याचा भरवसा नाही, रिक्षा रोजची परवडत नाही. शेवटी तिने घराजवळचे कॉलेज घेतले, दुसरी शाखा. कुणी तिला शिकू नको म्हटले नाही. बाहेरचा माणूस मात्र म्हणेल, बघा, मुसलमान मुलींना पुढे जाऊ देत नाहीत. आपण मुलींच्या शिक्षणावर परिसंवाद घेतो, मौलाना साहेबांना अध्यक्ष करतो, शेर म्हणतो. तिच्या आणि तिच्या शाखेच्या मध्ये जे आले ते साडेतीन किलोमीटर डांबर होते. तशा मुली गोकुळनगरातही असतील. त्यांचे वडीलही तेच वाक्य बोलले असतील.

आता त्या सोयीच्या उत्तराकडे परत येऊ. ‘आपला एरिया आहे म्हणून’ हे कुणाला सोयीचे? पहिल्यांदा प्रशासनाला. ‘तुम्ही भेदभाव करता’ म्हटले की अधिकारी कपाळाला आठ्या घालून ‘तसे काही नाही’ म्हणतो आणि विषय भावनेवर संपतो. ‘सर्व्हे नंबर अमुक, या जागेचा ताबा कुठल्या तारखेला मिळणार?’ असे विचारले की त्याला फाइल उघडावी लागते. दुसरी सोय आपल्या पुढाऱ्यांची. कौमची काळजी वाहणारे पुढारी निवडणुकीत दिसतात, इफ्तार पार्टीत दिसतात, फ्लेक्सवर तर बारमाही. ‘आपल्यावर अन्याय होतो’ हे वाक्य त्यांना मते देते. भूसंपादनाचा तक्ता कुणी मागितला तर त्यांनाही तो वाचायला लागेल. चौकाला कुणाचे नाव द्यायचे यावर रात्री बारापर्यंत बैठक चालते. त्या चौकात झेब्रा पट्टे कधी मारणार, यावर पाच मिनिटांची बैठक झालेली मला आठवत नाही.

तिसरी सोय आपली स्वतःची. कारण बाहेर असले की हातात काही करायचे उरत नाही. आणि आपल्या दाराशी बघायचेही उरत नाही. कौसरबागच्या बाजूला पदपथावर कोणाच्या गाड्या असतात? रमझानच्या रात्री खाण्याच्या गाड्यांनी अर्धा रस्ता भरतो तेव्हा अँब्युलन्स कुठून जाणार, हे आपण किती वेळा ठरवले? मला तिथली मालपोव्याची गाडी अतिशय प्रिय आहे. ती असावीच. पण तिची जागा आखलेली असावी, आणि ती आखून घेण्यासाठी महापालिकेकडे आपणच जावे. नाहीतर उद्या कुणी ‘हे लोक रस्ते अडवतात’ म्हणून बुलडोझर मागेल, आणि उत्तर म्हणून दाखवायला आपल्या हातात एक अर्जसुद्धा नसेल.

काही मित्र म्हणतात, तू म्हणतोस ते ठीक, पण आपण विचारायला गेलो की नाव बघून वागणूक बदलते. बदलते कधी कधी. म्हणूनच म्हणतो, एकटे जाऊ नका. हा रस्ता आपल्याला अशी माणसे आयती देतो ज्यांचे दुखणे तंतोतंत आपलेच आहे. सहिष्णुतेवर भाषणे देऊन जी ओळख होत नाही ती एका खड्ड्याभोवती उभे राहून होते. टिळेकरनगरातला निवृत्त कारकून आणि भाग्योदयनगरातला डिलिव्हरी करणारा पोरगा एकाच अधिकाऱ्याच्या केबिनबाहेर दोन तास बसले की एकमेकांच्या घरचे विचारतातच.

शिवाय विचारायचे कुणाला, हा प्रश्न पुण्यात काही काळ भलताच अवघड झाला होता. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाचे राज्य होते. आपल्या प्रभागासाठी सभागृहात उभे राहणारा कुणीच नव्हता. त्याबद्दल आपल्या मोहल्ल्यात किती बोलणे झाले? एखाद्या टीव्ही डिबेटमधल्या वाक्यावर आपण आठवडाभर पेटतो. शहराचे सभागृहच कुलूपबंद होते ते पचवून बसलो.

कायद्यात मात्र दारे आहेत. महाराष्ट्राच्या महानगरपालिका कायद्यात २००९ पासून क्षेत्रसभेची तरतूद आहे, म्हणजे मतदारांनी आपल्या भागाची कामे बसून ठरवायची सभा. भरलेली पाहिली आहे का कधी? ती मागा. पुणे महापालिकेत २००६ पासून नागरिकांच्या सहभागाच्या अंदाजपत्रकाची पद्धत आहे. पदपथ, बसथांबा, दिवे अशी छोटी कामे क्षेत्रीय कार्यालयात फॉर्म भरून सुचवता येतात. आपले कार्यालय कोंढवा-येवलेवाडी. अवजड वाहनांना ठराविक वेळी बंदी घालण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ खाली आहे. तेव्हा शाळा-कॉलेजच्या वेळांचा तक्ता घेऊन वाहतूक पोलिसांकडे जायचे. त्याच कायद्यात २०१९ ला कलम १९८अ आले. रस्त्याची रचना किंवा देखभाल निकषाप्रमाणे न करणाऱ्या यंत्रणेला आणि ठेकेदाराला, त्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले तर, एक लाखापर्यंत दंड. रक्कम हास्यास्पद आहे, पण दोष रस्त्याचाही असू शकतो हे कायद्याने मान्य केले. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यांमुळे मेलेल्यांच्या वारसांना सहा लाखांची भरपाई ठरवून दिली. तेव्हा पुढच्या वेळी पंचनामा होताना ‘गाडी घसरून’ एवढेच लिहू देऊ नका. खड्डा मोजायला लावा, खांबाचा नंबर लिहायला लावा, आणि स्वतः फोटो काढा.

आपल्यात डेटावाले किती आहेत! अर्धा कोंढवा हिंजवडीला आणि मगरपट्ट्याला कोडिंग करतो. परदेशी कंपनीच्या ट्रकांचा माग ठेवणारे डॅशबोर्ड आपण बनवतो. साडेतीन किलोमीटरचा नकाशा घ्या, त्यावर प्रत्येक अरुंद तोंड, प्रत्येक बंद दिवा, लोक जिथून ओलांडतात ती प्रत्येक जागा टाका. दोन रविवारांचे काम आहे. मी टिळेकरनगरपासून राजस सोसायटीपर्यंतचा भाग घेतो. खडी मशीनकडचा कुणीतरी घ्या.

त्याआधी माहितीचा अधिकार. राज्याच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्द, शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. विषय लिहा : कात्रज-कोंढवा रस्ता, राजस सोसायटी ते खडी मशीन चौक, भूसंपादनाची सद्यःस्थिती. आत एवढेच मागा : रस्त्यासाठी लागणाऱ्या जागांची सर्व्हे नंबरनिहाय यादी, प्रत्येकीचे क्षेत्रफळ, ताबा मिळाल्याची तारीख, मोबदला रोख की टीडीआर, आणि ताबा नसल्यास प्रलंबित असल्याचे कारण. त्याच कायद्याने कामाची आणि कागदांची प्रत्यक्ष पाहणी करायचाही हक्क आहे, तीही मागा. एक अर्ज कौसरबागच्या पत्त्यावरून जाऊ द्या आणि शब्दन् शब्द तसाच दुसरा गोकुळनगरच्या पत्त्यावरून. दोन्ही उत्तरे आली की शेजारी ठेवून वाचू. वेगळी आली, तर भेदभाव कुठे आहे ते तारखेसकट दाखवता येईल. सारखीच आली, तर दोन्हीकडच्या लोकांनी पहिल्या अपिलाला एकाच रिक्षातून जायचे.